मास्तर, मॉनिटर आणि बाकावरचा सोबती : मराठी गद्यातील शालेय अधिकाराचे स्वरूप

१

मराठी साहित्यातील शिक्षकाच्या चित्रणाचा विचार करताना आपल्या समीक्षेने बहुधा एकच निकष वापरलेला आहे. शिक्षक आदर्श आहे की नाही, एवढेच ती पाहते. साने गुरुजी, पु. ल. देशपांड्यांचे चितळे मास्तर, आनंद यादवांचे सौंदळगेकर मास्तर ही नावे या संदर्भात पुन:पुन्हा घेतली जातात, आणि त्यांच्या प्रेमळपणाचे, त्यागाचे वा विद्वत्तेचे गुणवर्णन केले की विषय संपला असे मानले जाते. उलट बाजूस मारकुटा पंतोजी आहे. त्याचा निषेध केला की समीक्षेचे काम पुरे होते. या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. तिच्यात गुरू आणि शिष्य अशी दोनच माणसे गृहीत धरलेली असतात. वर्गात मात्र चाळीस-पन्नास मुले असतात, आणि शिक्षकाचा अधिकार त्यांतील कोणत्याही एका मुलापर्यंत पोहोचतो तो इतर मुलांमधून वाट काढत. कोण कोणाशेजारी बसते, कोण कोणाची वही तपासते, कोण कोणाचे नाव सांगते, कोणाच्या डब्याला कोण हात लावत नाही, या गोष्टींनी शिक्षकाच्या अधिकाराला प्रत्यक्ष आकार येतो. प्रस्तुत लेखात काही मराठी गद्यकृतींचा या दृष्टीने विचार केला आहे.

अशा विचाराला आर्वीसारख्या तालुक्याच्या गावी विशेष अर्थ आहे. वर्धा जिल्ह्यातील या गावी रोहणा, विरूळ, खरांगणा, देऊरवाडा अशा आसपासच्या गावांतून मुले वरच्या वर्गांसाठी येत आली आहेत. १९१७ मध्ये सुरू झालेली आणि आता बंद पडलेली पुलगाव-आर्वी नॅरोगेज गाडी, पुढे एस. टी., सायकल आणि पायवाट ही त्यांची साधने होती. गावातील शाळेत मूल आपल्या आळीतल्या मुलांबरोबर बसते, तर तालुक्याच्या शाळेत आल्यावर ते प्रथमच अनोळखी मुलांमध्ये बसते. आपापसात 'गा' आणि 'बे' म्हणून हाक मारणारी ही मुले शिक्षकासमोर उभी राहिली की त्यांची भाषा एकदम बदलते, पुष्कळदा बंदच होते. हे स्थलांतर कोसांच्या हिशेबाने लहान असले तरी मराठी आत्मचरित्रांत त्याला फार मोठे स्थान आहे. आनंदच्या बाबतीत ते कागलमध्येच, शेतातून पाचवीच्या वर्गात असे घडते. उर्मिला पवारांच्या बाबतीत ते फणसवळ्याहून रत्नागिरीला घडते. आपल्या महाविद्यालयातील पदवीचे विद्यार्थी हे स्थलांतर नुकतेच करून आलेले असतात, आणि त्यांतील अनेकजण पुढे स्वतः शिक्षक होणार असतात. या पुस्तकांचे वाचन त्यांच्यापुढे कसे मांडावे, हा म्हणूनच केवळ समीक्षेचा प्रश्न राहत नाही.

२

शिक्षकाला उद्देशून वापरल्या गेलेल्या शब्दांचा इतिहास पाहिला तरी अधिकाराचे बदलते रूप लक्षात येते. पंतोजी, मास्तर, गुरुजी, सर, बाई, मॅडम या संबोधनांपैकी प्रत्येकाचे सामाजिक वजन वेगळे आहे. 'पंतोजी' या शब्दात जातीची सूचना होती आणि महात्मा फुल्यांनी ती नेमकी हेरली. त्यांचा 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पवाडा १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा सरकारी असली तरी शिकवणाऱ्याची नजर सर्व मुलांवर सारखी पडत नाही, हे त्यातील मूळ गाऱ्हाणे आहे. पंतोजी मारतो एवढीच फुल्यांची तक्रार असती तर हा पवाडा केवळ एका क्रूर माणसाविरुद्धचा ठरला असता. येथील आक्षेप पक्षपातावर आहे, आणि पक्षपात तर एकट्या मुलाच्या संदर्भात संभवतच नाही. त्याला दोन मुले लागतात, एक जवळचे आणि एक दूरचे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शाळांतील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, नांगर धरण्याची लाज न वाटणारे असावेत, असे सुचविले. मुलांच्या घरच्या जीवनाशी शिक्षकाचे काही नाते असावे हा त्यामागील विचार होता.

'मॉनिटर' या शब्दाचा प्रवास तर अधिकच मनोरंजक आहे. वर्गातल्या वर्गात एका मुलाला इतरांवर नेमण्याची ही पद्धत इंग्रजी शाळेतून आली असे आपण सहज मानतो. पण अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासमधील देशी शाळांत मोठी मुले लहानांना वाळूत अक्षरे गिरवायला शिकवतात हे पाहिले, अनाथ मुलांच्या आपल्या शाळेत त्याचा प्रयोग केला आणि १७९७ मध्ये त्याविषयी इंग्लंडात पुस्तक प्रसिद्ध केले. जोसेफ लँकेस्टरनेही तिकडे तशाच स्वरूपाची पद्धत रूढ केली. नंतर हीच पद्धत मुंबई इलाख्यातील नव्या शाळांत विलायती शिस्त म्हणून परत आली. या येण्याजाण्यात एक बदल मात्र झाला. देशी शाळेत थोरला मुलगा धाकट्याला शिकवीत असे. नव्या शाळेत तो त्याच्यावर देखरेख करू लागला, गोंगाट करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहू लागला. मराठी शालेय आठवणींत मॉनिटरविषयी जो एक सुप्त राग आढळतो, त्याचे मूळ या बदलात असावे.

३

'झोंबी' (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीची चर्चा दारिद्र्य, बापाची दांडगाई आणि शिक्षणाची ओढ या आशयसूत्रांभोवती पुष्कळ झाली आहे. तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कारही लाभला. तिच्यातील वर्गाची रचना मात्र फारशी कोणी तपासलेली दिसत नाही.

आनंदाला बापाने शाळेतून काढून शेतात जुंपलेले आहे. त्याला परत शाळेत बसता येते ते शाळेच्या प्रयत्नाने नव्हे. माय-लेक दत्ताजीराव देसायांकडे जातात, देसाई बापाला दटावतात आणि मग शाळेचा दरवाजा उघडतो. शाळेच्या अधिकाराला येथे गावातील सत्तेचा आधार घ्यावा लागतो. मास्तर कितीही चांगला असो, मुलाला शेतातून उठवून वर्गात आणण्याचे बळ त्याच्यापाशी नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) याच वस्तुस्थितीचे दुसरे रूप दिसते. औंध संस्थानातील धनगरवस्तीवर आलेल्या तरुण मास्तराची शाळा भरते ती कारभाऱ्याने मनावर घेतल्यामुळे. अंजीच्या चोळीच्या निमित्ताने कारभाऱ्याच्या मनात किंतू येतो आणि मास्तराचे गावातील स्थान डळमळू लागते. राजाराम मास्तराचा अधिकार हा असा उसना आहे. त्या कादंबरीत मुले संख्येने असली तरी वर्ग म्हणून त्यांचे चित्रण जवळजवळ नाही. माडगूळकरांचे लक्ष गावावर आहे, त्यामुळे प्रस्तुत विवेचनात तिचा एवढाच उल्लेख पुरे.

परत वर्गात आलेला आनंदा सर्वांत थोराड आहे. त्याच्या बरोबरीची मुले पुढे निघून गेलेली आहेत आणि ज्यांना तो आपल्यापेक्षा कमी समजत असे त्यांच्याबरोबर त्याला बसावे लागते. धोतर नेसून आलेल्या या मुलाची पोरे टर उडवतात. त्याला शाळा नकोशी होते ती मास्तरामुळे नव्हे, मुलांमुळे होते. एवढा झगडा करून मिळविलेली शाळा पहिल्याच दिवशी सोडून द्यावी असे वाटायला लावण्याचे सामर्थ्य बाकावरच्या सोबत्यांत असते, हे यादवांनी फार नेमकेपणाने टिपले आहे.

या अवस्थेतून त्याची सुटका होते ती दोन शिक्षकांमुळे. समीक्षेला त्यांपैकी सौंदळगेकर मास्तर तेवढे आठवतात. पहिले मंत्री मास्तर. ते गणित शिकवतात. छडी वापरत नाहीत, पण मान धरून पाठीत गुद्दा घालतात, आणि त्या धाकाने दांडगी मुले गप्प बसतात. आजच्या दृष्टीने पाहता हे वर्तन आक्षेपार्हच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे, आणि जुन्या मास्तरांच्या हाताची गोडी गाणाऱ्या लेखनाकडे त्यामुळे सावधपणे पाहावयास हवे. परंतु आनंदाच्या दृष्टीने मंत्री मास्तरांच्या वर्गात घडणारी महत्त्वाची गोष्ट तो गुद्दा नव्हेच. टवाळखोर पोरांची वर्गावरील सत्ता तेथे मोडते, आणि वसंत पाटील या किरकोळ देहयष्टीच्या, वयाने लहान पण हुशार मुलाला मॉनिटर म्हणून स्थान मिळते. आनंदा वसंताचे अनुकरण करू लागतो. त्याच्यासारखी पुस्तके नीटनेटकी ठेवतो, त्याच्यासारखी गणिते सोडवतो, त्याच्याजवळ बसू लागतो. पुढे दोघे मिळून इतरांची गणिते तपासतात. वयाने मोठा असलेला मुलगा लहान मुलाला गुरू करतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. येथे मॉनिटरची संस्था तिच्या मूळ देशी रूपात काम करताना दिसते. देखरेखीची जागा सोबतीने घेतलेली आहे. मास्तर 'आनंदा' अशी हाक मारू लागतात ती या मैत्रीनंतर.

सौंदळगेकरांचे कार्य वेगळे आहे. ते कविता गाऊन शिकवतात, स्वतः कविता करतात, आणि दारातल्या वेलीवर कविता होऊ शकते हे मुलाला दाखवून देतात. कवी हा आपल्यासारखाच हाडामासाचा माणूस असतो हा शोध आनंदाला त्यांच्यामुळे लागतो. त्यानंतर शेतात पाणी पाजताना त्याला एकटेपणाचा कंटाळा येत नाही. उलट एकटेपण हवेसे वाटते, कारण तेथे मोठ्याने गाता येते, हातवारे करता येतात. मंत्री मास्तरांमुळे त्याला मित्र मिळाला आणि सौंदळगेकरांमुळे एकांत मिळाला, असे म्हणता येईल. लेखक होण्याच्या दृष्टीने दुसरी देणगी मोलाची, यात शंका नाही. पण पहिली नसती तर तो दुसरीपर्यंत टिकला असता का, हा प्रश्न कादंबरीच विचारायला लावते. आपल्या पाठ्यपुस्तकी वाचनात दुसरीचाच गौरव होतो. कारण ती गुरू-शिष्य या दोनच माणसांच्या परिचित चौकटीत बसते.

याच चौकटीमुळे साने गुरुजींच्या अमळनेरच्या शिक्षकी जीवनाचेही आपण अपुरे आकलन करतो. १९२४ ते १९३० या काळात ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळीत होते. मुलांच्या खोल्या स्वतः झाडणारे गुरुजी ही प्रतिमा सर्वपरिचित आहे. पण त्याच छात्रालयात त्यांनी हस्तलिखित दैनिक चालविले, म्हणजे मुलांना परस्परांविषयी आणि परस्परांसाठी वाचण्याची सवय लावली, ही गोष्ट त्यांच्या वात्सल्यापेक्षा कमी महत्त्वाची मानण्याचे कारण नाही.

४

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे वळले की मुलांचे परस्परसंबंध आणि शिक्षकाचा अधिकार यांची गुंतागुंत अधिक तीव्रतेने समोर येते.

कुमुद पावडे यांच्या 'अंत:स्फोट' (१९८१) मधील संस्कृत शिक्षणाची कहाणी विदर्भातील आहे, नागपूरची आहे. संस्कृत शिकू इच्छिणाऱ्या या मुलीला शाळेत गोखले गुरुजी भेटतात. धोतर, टोपी, कपाळावर गंध असा त्यांचा जुना वेष. त्यामुळे त्यांच्याकडून नकारच येणार अशी तिची धास्ती. प्रत्यक्षात ते तिला भेदभाव न करता शिकवतात. याच कथनात पुढे विद्यापीठातील विभागप्रमुख येतात. त्यांची विद्वत्ता देशभर मान्यता पावलेली, पण या मुलीने संस्कृत शिकावे हे त्यांना रुचत नाही आणि ते तसे जाणवूनही देतात. 'पाहा, एक चांगला गुरू आणि एक वाईट' असे या दोघांना समोरासमोर उभे करून वाचणे सोपे आहे. पावडे यांचे कथन त्याहून अवघड काहीतरी सांगते. गोखले गुरुजींचा वेष आणि त्यांचे वर्तन यांत मेळ नाही, विभागप्रमुखांची विद्या आणि त्यांचे वर्तन यांतही मेळ नाही. म्हणजे शिक्षक कसा वागेल याचा अंदाज बांधायला मुलीपाशी एकही खूण उरत नाही. अधिकाराची खरी दहशत या अनिश्चिततेत असते. शिक्षण पूर्ण झाल्यावरही कुमुद सोमकुवरला नोकरी मिळत नाही, आणि आंतरजातीय विवाहानंतर कुमुद पावडे या नावाला ती मिळते, या तिच्याच निरीक्षणाने गोखले गुरुजींचा चांगुलपणा किती एकाकी होता हे कळून येते. एक शिक्षक वर्गाचे दार उघडू शकतो, दाराबाहेरचे नियम तो बदलू शकत नाही.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) मधील दोन प्रसंग एकत्र वाचले पाहिजेत. पहिला प्रसंग अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. शाळेच्या आवारातील शेण काढण्यास सांगितल्यावर ही मुलगी नकार देते आणि गुरुजी तिच्या थोबाडीत मारतात. नंतर बांबूच्या कामट्या विणत बसलेली तिची आई त्या गुरुजींना रस्त्यात जाब विचारते. या प्रसंगाचे नाट्य आईच्या धीटपणात आहे, आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे लक्ष वेधावयाचे ते एका वेगळ्या बाबीकडे. शेण काढणे हे काम शाळेतील स्वच्छतेचा भाग म्हणून सांगितले जाते. शिक्षा, शिस्त, श्रम आणि जात यांच्या सीमारेषा शाळेत इतक्या पुसट असतात की आज्ञा देणाराही ती केवळ शाळेचे काम समजून देऊ शकतो. ती आज्ञा नेहमी एकाच मुलीकडे का येते, हे वर्गातील प्रत्येक मुलीला मात्र ठाऊक असते.

दुसरा प्रसंग तुलनेने दुर्लक्षित राहिला. वर्गातल्या मुली मिळून स्वयंपाकाचा बेत करतात. या मुलीला काही आणू नकोस, पैसे दे असे सांगितले जाते. स्वयंपाकात तिचा हात लागू दिला जात नाही. ती मनापासून जेवते, आणि नंतर तिच्या खाण्याचीच चर्चा मैत्रिणींमध्ये होते. येथे गुरुजी नाहीत, छडी नाही, आज्ञा नाही, थप्पड नाही. सारे काही मैत्रीच्या नावाखाली चालले आहे. पहिल्या प्रसंगाला उत्तर देता येते. आई रस्त्यात उभी राहू शकते, आज कायद्याचे कलमही दाखवता येईल. दुसऱ्या प्रसंगाला कोणी कोठे जाब विचारावा? थोबाडीत मारणारे गुरुजी आणि जेवणाची मोजदाद करणाऱ्या मैत्रिणी एकाच शाळेतल्या आहेत. गुरुजींनी शेण कोणाला काढायला सांगितले हे ज्या मुलींनी रोज पाहिले, त्यांनी चुलीपासून कोणाला दूर ठेवायचे हे वेगळे शिकण्याची गरज नव्हती. शिक्षकाच्या अधिकाराचा सर्वांत खोल परिणाम हा असा, त्याच्या गैरहजेरीत, मुलांच्या आपापसातील वागण्यात दिसतो. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) पुढच्या आत्मकथनांतील शाळेची प्रकरणे या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहेत. त्यांत शिक्षकाच्या एका वाक्यापेक्षा सोबत्यांच्या एका हसण्याची जखम पुष्कळदा अधिक काळ टिकलेली आढळेल.

५

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही कादंबरी वरील कृतींच्या मानाने सुखवस्तू जगातील आहे. मुंबईजवळच्या निमशहरी गावात, आणीबाणीच्या काळात, नववीच्या एका वर्षात ती घडते. मुकुंद जोशी हा निवेदक, सुऱ्या, चित्र्या, फावड्या हे त्याचे मित्र, आणि शिरोडकर ही वर्गातील मुलगी. मुलगे-मुली एका वर्गात बसतात पण एकमेकांशी बोलत नाहीत. जणू न लिहिलेला नियमच आहे, आणि तो मोडण्याच्या हजार युक्त्या मुलांनी शोधून काढल्या आहेत. शिरोडकर ज्या क्लासला जाते तोच क्लास जोशी लावतो, यातच त्या वयातील सारे धाडस सामावलेले आहे.

या कादंबरीतील शिक्षक सपाट आहेत, टोपणनावांपलीकडे त्यांना व्यक्तित्व नाही, असा आक्षेप घेता येण्याजोगा आहे. मांजरेकर सरांसारखा एखादा अपवाद वगळता तो खराही आहे. परंतु हा सपाटपणा निवेदनदृष्टीचा स्वाभाविक परिणाम मानला पाहिजे. बाकावरून शिक्षक तेवढाच दिसतो. टोपणनाव ही मुलांनी शिक्षकाच्या अधिकाराला दिलेली मर्यादा आहे. वर्गात 'सर' आणि 'बाई' म्हणणारी मुले बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत बसून त्याच शिक्षकांना आपल्या भाषेत पुन्हा नावे ठेवतात आणि तेवढ्यापुरते त्यांच्या धाकातून बाहेर पडतात. मुलांच्या या जगात एकच मोठा कायदा आहे. मित्राचे नाव सांगायचे नाही. शाळेच्या शिस्तीला तो तोडीस तोड आहे. आणीबाणीचा काळ पार्श्वभूमीला ठेवण्यात बोकिलांनी हे दोन कायदे परस्परांवर पडताळून पाहण्याची सोय केली आहे. मात्र त्यांनी त्याचा कोठेही गाजावाजा केलेला नाही, ही त्यांच्या संयमाची खूण.

सुऱ्या आणि केवडा यांच्या प्रकरणात हे दोन कायदे एकमेकांवर आदळतात. मुलीच्या घरची तक्रार येते, शाळेला हालचाल करणे भाग पडते आणि शिक्षा होते. शाळेपाशी या संबंधांविषयी बोलण्याची भाषाच नाही, हे येथे उघडे पडते. गणित चुकले तर काय करावे हे मास्तरांना ठाऊक आहे. मुलाला मुलगी आवडली तर काय करावे हे ठाऊक नाही, म्हणून गणित चुकल्यावर जे करायचे तेच ते करतात. मराठी शाळेतील अधिकाराची ही मर्यादा 'शाळा' इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी दाखविली असेल.

तिची स्वतःची मर्यादाही सांगितली पाहिजे. शिरोडकर आपल्याला कळते ती जोशीच्या नजरेतून. शेवटी ती गाव सोडून जाते आणि तिची बाजू न कळताच वर्ष संपते. वर्गाच्या दुसऱ्या बाजूच्या बाकांवर काय चालले होते, हे या कादंबरीत येत नाही. 'आयदान'मधील मुलींचा स्वयंपाक हा त्या दुसऱ्या बाजूचा एक तुकडा आहे. काळ, गाव आणि जात यांत अंतर असूनही या दोन कृती पदव्युत्तर वर्गात शेजारी शेजारी ठेवून शिकवल्या तर विद्यार्थ्यांना दोहोंतील उणी जागा आपोआप दिसेल.

६

या संदर्भात वर्धा जिल्ह्यातील एका प्रयोगाचे स्मरण अपरिहार्य ठरते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे हिंदुस्तानी तालीमी संघाची शाळा सेवाग्रामला उभी राहिली. नई तालीम म्हणजे सूतकताई असा एक संकुचित समज रूढ आहे. सेवाग्रामच्या शाळेतील खरी नवलाई मुलांच्या परस्परसंबंधांच्या रचनेत होती. मुलांची आमसभा भरत असे, मुले आपल्यातून मंत्री निवडीत, सफाई, स्वयंपाक अशी कामे त्यांच्याकडे सोपविलेली असत, आणि त्या कामांचा हिशेब सभेपुढे द्यावा लागे. ही शाळा चालविणारे आशादेवी व आर्यनायकम् शांतिनिकेतनातून आलेले होते, आणि तेथील स्वशासनाच्या परंपरेशी परिचित होते. संडास-सफाईपासून स्वयंपाकापर्यंत प्रत्येक काम पाळीने सर्वांना करावे लागे. 'आयदान'मधील शेणाची आज्ञा आणि चुलीपासून दूर ठेवणे या दोन्ही गोष्टी त्याच्यासमोर ठेवून पाहाव्यात. काम तेच, स्वयंपाकही तोच. फरक एवढाच की पाळी कोणाची हे जातीने ठरत नव्हते, सभेत ठरत होते. तेथे मॉनिटर नेमला जात नव्हता, निवडला जात होता.

या प्रयोगाचे गोडवे गाताना त्याच्या अल्पायुष्याकडे डोळेझाक करता येत नाही. पालकांना नोकरी मिळवून देणारे शिक्षण हवे होते, सरकारी परीक्षांशी या शाळेचे नाते जुळले नाही, आणि स्वातंत्र्यानंतर काही दशकांत तो प्रवाह क्षीण झाला. २००५ मध्ये त्याच परिसरात आनंद निकेतन ही शाळा नव्याने सुरू झाली. सेवाग्रामपासून आर्वी फार दूर नाही. तरीही आमसभेची पद्धत जिल्ह्यातील तालुक्याच्या शाळांत रुजली नाही. तेथे मॉनिटरच राहिला. मराठी ललित गद्यानेही सेवाग्रामच्या वर्गाची दखल अभावानेच घेतली. त्याची माहिती मिळते ती शिक्षणविषयक अहवालांतून आणि कार्यकर्त्यांच्या लेखनातून, मुलाच्या तोंडून नव्हे.

येथे एका पद्धतीविषयक अडचणीचा निर्देश करणे आवश्यक आहे. वर विचारात घेतलेली आत्मकथने लिहिणारे सारे शाळेत टिकले, पुढे शिकले, बहुतेक स्वतः अध्यापक वा अधिकारी झाले. आनंद यादव प्राध्यापक झाले, कुमुद पावडे प्राध्यापक झाल्या. त्यामुळे या लेखनाला कृतज्ञतेचा किंवा विजयाचा एक आकार सहजच प्राप्त होतो, आणि शिक्षकाचा अधिकार शेवटी सत्कारणी लागला असा ग्रह होतो. त्यांच्या शेजारी बसणारा आणि पाचवीतून, सातवीतून निघून गेलेला मुलगा या पुस्तकांत एखाद्या नावापुरता येतो. त्याने आत्मकथन लिहिलेले नाही. ज्याचे नाव मॉनिटरने रोज फळ्यावर लिहिले त्याची बाजू मराठी साहित्यात जवळजवळ कोरी आहे.

ती बाजू शोधण्यास तालुक्याच्या गावातील अभ्यासकाला मोठ्या ग्रंथालयाची गरज नाही. प्रत्येक जुन्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. त्यात मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत दाखल झाला, कोणत्या तारखेस शाळा सोडली आणि का सोडली, यांसाठी रकाने असतात. शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना सर्वांत अरुंद असतो. त्यात दोन-तीन शब्दांपेक्षा अधिक मावत नाही. त्या दोन-तीन शब्दांची माणसे आज साठी-सत्तरीच्या घरात, रोहण्यात, विरूळात, खरांगण्यात आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी त्यांच्याकडे जावे, वहीत त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे, आणि पहिला प्रश्न मास्तराविषयी न विचारता शेजारी कोण बसत असे, येथून सुरुवात करावी.